नानांची पूर्वतयारी

डेन्व्हरच्या नानांना शिकारीपेक्षा शिकारीची तयारीच जास्त आवडते, असं वहिनींचं मत. नाना अजून एकदाही शिकारीला गेलेले नाहीत, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नाही. येत्या ऑक्टोबरात मात्र कोलोरॅडोच्या डोंगरात एल्क मारायचा, हे नक्की. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ. नर सहज ३०० किलो भरतो.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने बंद झालेली ही हौस तिथे परवाना काढून भागवता येते. परवान्याआधी कोर्स, १ जानेवारी १९४९ पासून पुढे जन्मलेल्या सगळ्यांना सक्तीचा. शाळकरी पोरांच्या मांडीला मांडी लावून नाना पास झाले. सर्टिफिकेट बी.ई.च्या शेजारी टांगलंय.

मग सामान. प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढली. टूथब्रशची दांडी करवतीने कापली, अकरा ग्रॅम वाचले. त्या जागी दोन किलो भाजक्या पोह्यांचा चिवडा. "तो सामानात नाही, इंधनात धरायचा."

वीस किलो तांदूळ पाठीवर घेऊन जिन्याचा सराव चालतो. डेन्व्हर जवळजवळ कळसूबाईच्याच उंचीवर; एल्क गाठायचा तर त्याच्या दुप्पट चढायचं. कळसूबाई आपण कॉलेजात असताना केलाय, हे नाना दर बारा पायऱ्यांनी थांबून सांगतात.

झाडीत मिसळून जाणारं महागडं जाकीट आलं. नंतर नियम वाचला: बंदूक घेऊन जायचं तर कमरेच्या वर ५०० चौरस इंच झगझगीत केशरी किंवा गुलाबी कापड हवं, शिवाय टोपी. हा रंग एल्कला नीट दिसत नाही. तो दिसायचा असतो दुसऱ्या शिकाऱ्याला. वहिनींनी शिवणाची टेप लावून बंडी मोजली. माणूस सुखरूप परत यावा एवढी काळजी त्यांना आहेच.

एल्कचं नाक तिखट म्हणून घरात हिंगाची फोडणी बंद. वहिनी म्हणाल्या, "अहो, तो डोंगरात, तुम्ही जिन्यात. त्याला वास कुठून येणार?" मादीची हाक काढायची पडदी तोंडात धरून नाना न्हाणीघरात बसतात, खालच्या मजल्यावरून दोनदा प्लंबर पाठवलाय.

"आणि मिळालाच तर?" मी विचारलं.

नाना थबकले. हाडं काढली तरी शंभरेक किलो मांस, रस्ता आठ किलोमीटरवर, आणि खाण्याजोगं मांस टाकून यायला कायद्याने बंदी.

"चार-पाच फेऱ्या," ते म्हणाले आणि माझे खांदे न्याहाळू लागले.