माळकरी आणि अल्बारिन्यो

वाइनच्या गावाला जाताना सोबत माळकरी माणूस नेऊ नये, असं एकाही प्रवासाच्या पुस्तकात छापलेलं नाही. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांना आमचे दाजी भेटलेले नसणार. दाजी निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कडक, वारी चुकत नाही. परमिट रूम दिसली की रस्ता ओलांडून पलीकडून जातात. लेक पोर्तोत नोकरीला, म्हणून दाजी पोर्तुगालला निघाले आणि ‘त्यांना तिकडची भाषा येत नाही’ या कारणासाठी ताईनं मला त्यांच्याबरोबर धाडलं. तिकडची भाषा मलाही येत नाही, हा मुद्दा ताईनं विचारात घेतला नाही.

पोर्तोहून गाडीनं उत्तरेला निघालं की तासा-दीड तासात मिन्यो नदी लागते. अलीकडे पोर्तुगाल, पलीकडे स्पेनचा गालिसिया. द्राक्ष दोन्ही काठांवर एकच, पांढरं, अल्बारिन्यो. पोर्तुगीज त्याला अल्वारिन्यो म्हणतात आणि अस्सल आमचंच म्हणतात. पलीकडचेही तेच म्हणतात. पूर्वी क्लूनीच्या मठातल्या साधूंनी ते ऱ्हाइनकाठाहून आणलं, अशी दंतकथा मात्र दोघंही मिटक्या मारत सांगायचे. पुढे डीएनए तपासला, तर जर्मनीच्या रीस्लिंगशी त्याचं नातं लागेना. तरी कथा चालूच आहे. दंतकथेला डीएनए लागत नाही.

स्पेन म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे रखरखीत ऊन आणि चिडलेला बैल उभा राहतो. गालिसियात दोन्ही दिसले नाहीत. अटलांटिकच्या खाड्या इथं जमिनीत आत आत घुसल्या आहेत, त्यावरूनच या वाइनच्या मुलखाला रीअस बाइशास म्हणजे खालच्या खाड्या असं नाव. वर्षाला साधारण १६०० मिलिमीटर पाऊस. निफाडला याच्या निम्मा पडला तरी तहसीलदार पंचनाम्याला येतात. सप्टेंबरचा दिवस होता, काढणी तोंडावर आली होती आणि आभाळ भरलेलं. “आज पाऊस येईल का?” असं भाचीनं हॉटेलवाल्याला विचारलं.

“बघावं लागेल,” तो म्हणाला.

“काय बघावं लागेल?”

“तुम्हाला कुठं जायचंय?”

गालिसियाचा माणूस जिन्यात भेटला तर तो चढतोय की उतरतोय ते कळत नाही, अशी थट्टा उरलेला स्पेन करतो. दाजींना मात्र तो माणूस लगेच आपला वाटला. “आमच्या कृषी सहायकाला विचारलं तरी हेच उत्तर येतं,” म्हणाले.

आम्ही गेलो ते काम्बादोसला. आरोसा खाडीकाठचं हे छोटं गाव स्वतःला अल्बारिन्योची राजधानी म्हणवतं. दगडी फेफिन्यान्स चौक आहे, चौकाला लागून जुना वाडा आहे आणि त्या वाड्यात १९०४ पासून वाइन करतात. १९५३ पासून इथं ऑगस्टच्या सुरुवातीला अल्बारिन्योचा उत्सव भरतो. त्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते म्हणे. आम्ही पोचलो तेव्हा चौकात दोन म्हातारे आणि एक मांजर होतं. दाजींना हे फार आवडलं. माझं मत विचारलं नाही.

खरी मौज गावाबाहेर, बागेत. गाडीतून उतरल्यावर दाजी तिथंच थबकले.

“भाऊ, हा तर मांडव!”

मांडवच होता. युरोपातल्या बागा म्हणजे कंबरेएवढ्या वेलींच्या शिस्तीत उभ्या रांगा, अशी माझी चित्रावरची समजूत. इथं डोक्याच्या वर आडवी जाळी, वर पानांचं छत आणि खाली लोंबणारे घड. ठेवण थेट पिंपळगाव बसवंतची. फरक खांबांत. आपल्याकडं लोखंडी अँगल, इथं अख्खे ग्रॅनाइटचे. दाजींनी एका खांबाला दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. खांब हलला नाही. गारपिटीत स्वतःचा मांडव जमीनदोस्त झालेला त्यांनी पाहिला आहे. त्या खांबापुढं त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

गंमत अशी की मांडव एकच, पण कारणं उलटी. आपण मांडव घालतो तो घडांना उन्हाचा चटका बसू नये म्हणून. हे घालतात तो घड ओल्या जमिनीपासून उंच राहावेत आणि खालून वारा खेळून ते कोरडे व्हावेत म्हणून. शिवाय जमीन तुकड्या-तुकड्यांची, सरासरी काढली तर बागायतदाराच्या वाट्याला हेक्टरभरही येत नाही. त्यामुळे मांडवाखालच्या जागेत बटाटे, कोबी लावायची जुनी चाल. आम्ही पाहिली त्या बागेतही कोबीच्या पानांवर वरच्या वेलींचं पाणी टपटपत होतं.

बागेची मालकीण सत्तरीची, निळा एप्रन, पायात गमबूट. ती भाचीशी काहीतरी बोलू लागली तोवर दाजींनी झब्ब्याच्या खिशातून द्राक्षाची गोडी मोजायचं ब्रिक्स मीटर काढलं. हा माणूस लेकीला भेटायला जाताना खिशात ब्रिक्स मीटर घेऊन युरोपला आला होता! कुणाला विचारलं-सवरलं नाही. एक मणी तोडला, काचेवर पिळला, उजेडाकडे धरून डोळा लावला. भाची, “पप्पा, काय करताय!” म्हणून ओरडली. दाजींनी मीटर बाईच्या हातात दिलं. तिनं डोळा लावला आणि बोटांनी दोन दाखवून पुढं मूठ दाखवली. वीस. दाजींनी मान हलवली. त्यानंतर माझी आणि भाचीची कुणाला गरज राहिली नाही.

डावणी आणि भुरी हे दोन्ही रोग इथंही आहेत, हे दाजींनी पानं उलटून स्वतः शोधून काढलं आणि सुख झाल्यासारखा चेहरा केला. मण्यांनी मात्र त्यांची निराशा केली. बारीक मणी, जाड साल, आत बिया. “जीए देत नाहीत का ओ? मणी फुगवत नाहीत? हा माल आपल्या पॅकहाऊसनं दारातून परत पाठवला असता.” भाचीनं हे भीतभीत सांगितलं. बाई खळखळून हसली. खायच्या द्राक्षाला मोठा, कुरकुरीत मणी हवा. वाइनला बारीक मणी बरा, त्यात रस थोडा पण दाट, आणि साल जाड असली की एवढ्या ओलीतही माल सहज कुजत नाही. दाजींनी ते मान्य केलं, पण आवडलं नाही.

मग तळघरात चव घ्यायचा कार्यक्रम. ग्लास गार, काचेवर दव, आत फिकट पिवळ्यात हिरवट झाक. तिथल्या मुलीनं लिंबाची साल, हिरवं सफरचंद, पीच अशी यादी वाचली. मी प्रत्येकाला “येस, येस” म्हणालो. पहिल्या घोटाला आंबट, मग जबड्याच्या मागं पाणी सुटतं, आणि शेवटी जिभेच्या कडांवर अगदी थोडा खारटपणा राहतो. हे मीठ समुद्रातून मुळांवाटे येतं, असं ती म्हणाली. शास्त्रज्ञ यावर सहसा मान डोलवत नाहीत. मी डोलवली.

दाजींचा ग्लास तसाच होता. वास घ्यायला माळ आड येते का, यावर त्यांनी मनाशी बराच खल केला आणि निकाल स्वतःच्या बाजूनं दिला. हात पाठीमागं बांधून वाकले, नाक ग्लासपाशी नेलं.

“थंडीत पिकलाय माल. आंबट टिकून राहिलंय.”

मुलगी गप्प झाली, कारण सगळी गोष्ट हीच आहे. द्राक्षातलं मॅलिक आम्ल उष्णतेत जळून जातं. आपल्याकडं फेब्रुवारीचं ऊन तापलं की गोडी चढते आणि आंबटपणा पळतो, म्हणून नाशिकच्या वाइनवाल्यांना पांढऱ्या द्राक्षाची काढणी उन्हाच्या आधी उरकायची घाई असते. इथं अटलांटिक ऊन चढूच देत नाही. घोटही न घेता दाजींनी ते नाकानं ओळखलं. चार ग्लास पिऊन मला ‘छान आहे’ याच्या पुढं सरकता आलं नव्हतं.

ऑस्ट्रेलियात कित्येक वर्षं अल्बारिन्यो म्हणून लावलेल्या वेली भलत्याच निघाल्या, असंही त्या मुलीनं सांगितलं. २००९ साली उघड झालं की ते फ्रान्सच्या जुरा भागातलं साव्हान्यां आहे. दाजींना आश्चर्य वाटलं नाही. “रोपवाटिकेत असं होतंच,” म्हणाले.

जेवायला खाडीकाठी बसलो. भाचीनं आणि मी ऑक्टोपस मागवला, वर तिखटाची पूड आणि ऑलिव्ह तेल. दाजींनी पाठ फिरवली. त्यांच्यासाठी पाद्रोनच्या मिरच्या, छोट्या हिरव्या, तेलात परतलेल्या, वर खडे मीठ. यातल्या बहुतेक सपक असतात, मधूनच एखादी तिखट निघते, त्यातच मजा, असं वेटर म्हणाला. दाजींनी तिखट मिरचीच्या शोधात दोन बशा संपवल्या. लागली नाही. किंवा लागली आणि त्यांना कळली नाही.

समोर पाण्यात लाकडी तराफे होते. शिंपल्यांची शेती. एका तराफ्याखाली पाचशेपर्यंत दोर, एकेक बारा मीटर खोल, आणि दोरांना काळे शिंपले. दाजींनी बराच वेळ निरखून पाहिलं. “मांडवच आहे हा. वरचा घड जमिनीकडं लोंबतो, हा पाण्यात.” शेजारच्या टेबलावर लोक त्या शिंपल्यांबरोबर ती वाइन पीत होते. दोन मांडवांचं पीक एका ताटात.

आमच्या टेबलावरच्या बाटलीवर नाव होतं मार्तिन कोदाश. भाची म्हणाली, हा तेराव्या शतकातला गालिसियाचा कवी, विगोच्या समुद्रावर गाणी रचणारा. त्याच्या सात रचनांचं हस्तलिखित १९१४ साली एका जुन्या पुस्तकाच्या बांधणीत सापडलं. १९८६ साली इथल्या बागायतदारांनी एकत्र येऊन वाइनरी काढली, तिला त्याचं नाव दिलं.

“सहकारी?” दाजींनी एवढंच विचारलं.

“सहकारी.”

“कवीचं नाव बाटलीला दिलं, आणि मोर्चा निघाला नाही?”

“नाही.”

दाजींनी सुस्कारा सोडला आणि उरलेली मिरची खाल्ली.

तर तुम्ही जाणार असाल तर छत्री न्या. गर्दी-गोंधळ हवा असेल तर ऑगस्टच्या सुरुवातीला जा, बाग बघायची असेल तर सप्टेंबरात. आणि एक कळकळीची विनंती. परदेशातून कुणी ही बाटली भेट आणली तर ती शोकेसमध्ये गणपतीशेजारी मांडून ठेवू नका. मुलाच्या लग्नात उघडू, असंही म्हणू नका. बहुतेक अल्बारिन्यो दोन-तीन वर्षांत प्यायची असते. आठ-दहा अंशांवर गार करा, सुरमई तळा आणि संपवून टाका. माळ असेल तर नुसता वास घ्या.