लिस्बनपटेल

जैनथला, बेल्यात, नाहीतर आदिलाबादच्या मार्केट यार्डाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एखादा लिस्बनपटेल हमखास भेटतो. पटेल हे त्याचं आडनाव नव्हे. थोडी काळी जमीन आणि बऱ्यापैकी आवाज असला की आमच्याकडे माणूस आपोआप पटेल होतो. हा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, पेन्शन चालू, पोरगी हैदराबादेत सुखी. आणि आता परदेशात राहायला निघालेला. गेली काही वर्षं निघालेलाच आहे.

आमच्या भागाला परदेश नवा नाही. गावोगावची पोरं आखातात मजुरीला जातात, आणि म्हातारे अमेरिकेत नातवंडं सांभाळायला. या दुसऱ्या प्रकाराला पटेल बिनपगारी आखात म्हणतो. त्याला यातलं काहीच नको. "आपल्याच पैशावर राहाचं. कोणाच्या बापाले हात पसराचा नाही," असं सांगून तो चहाचे पैसे द्यायला समोरच्याकडे बघतो.

त्याचं पहिलं प्रेम स्पेन. स्वतःच्या पैशावर राहणाऱ्यांसाठी स्पेन जो व्हिसा देतो त्यावर तिथे काम करायची सक्त मनाई असते. ही अट वाचल्या दिवशी पटेल हरखून गेला. जगात कुठेतरी आपली पात्रता ओळखणारं सरकार आहे! "काम केलं का व्हिसा जाते," तो ओसरीवर चार लोकांना ऐकवत होता. तूर पाखडता पाखडता त्याची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, "मंग इथं राहून काय बिघडते?"

पण स्पेनला एकट्या माणसाचं महिन्याचं २,४०० युरो उत्पन्न दाखवावं लागतं, बायकोचे ६०० आणखी. युरो शंभरीला भिडलेला. पटेल स्पेनवरून पोर्तुगालवर उतरला. ब्रिटनवर तर त्याचा जुनाच राग आहे. साठी उलटलेल्या, वर्षाला २५,००० पौंड स्वतःचे असणाऱ्या निवृत्तांसाठी तिथे एक दार होतं. ते २००८ साली लावून घेतलं. त्या वेळी पटेलची साठीही आली नव्हती आणि पौंडही नव्हते, पण दार आपल्याच तोंडावर लावलं असं तो आजही सांगतो.

पोर्तुगालचा हिशोब सुटसुटीत आहे. पेन्शन, भाडं, लाभांश असं घरबसल्या येणारं उत्पन्न तिथल्या किमान वेतनाएवढं दाखवायचं. बायकोसाठी त्याच्या निम्मं अधिक. पण ते किमान वेतन दर जानेवारीला वाढतं. २०२४ मध्ये ८२० युरो होतं, २०२५ मध्ये ८७० झालं. त्यामुळे इथून सातासमुद्रापलीकडच्या कामगारांशी पटेलचं वैर जडलंय. "लाडावून ठेवले लेकाचे!" तो खवळतो. त्याच हंगामात कापूस वेचणाऱ्या बाया किलोमागे रुपया वाढवून मागत बांधावर बसल्या होत्या. तो रुपया देता देता पटेल म्हणाला, "तिकडचा मजूर व्हिसा महाग करते, इकडचा कापूस. माणसानं जगावं कसं?"

उत्पन्नाचं म्हणाल तर ते आहे. फक्त दाखवता येत नाही. पेन्शन बँकेत येते, तिच्यावर कोणाचा आक्षेप नाही. दोन गाळ्यांचं भाडं मात्र साडूकडून येतं, म्हणजे येत नाही. करारनामा कशाला, घरचाच माणूस! कापसाचे पैसे येतात, पण ते किती येणार हे पटेलच्या हातात नसतं. मागच्या हंगामात यार्डात मी त्याच्याशेजारी उभा होतो. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली. सरकारी खरेदीवाल्या सीसीआयच्या माणसानं कापसात ओलाव्याचं मीटर खुपसलं. पटेल पाठ फिरवून मोबाइलवर क्विंटलचे युरो करत होता. आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे बारापर्यंत कपात, त्याच्यावर खरेदीच नाही. मीटरनं चौदा दाखवले. पटेलनं एकदा आभाळाकडे पाहिलं आणि कॅल्क्युलेटरवरचा आकडा पुसला. "दोघांचा नाही बसत," तो म्हणाला. "एकट्याचा बसते." घरी यातलं काही बोलू नको, हेही त्यानं बजावलं.

आपला भार तिथल्या सरकारवर पडणार नाही, हे पटवणं हा या व्हिसाचा गाभा. पटेल यावर तासभर बोलू शकतो. मध्येच थांबून शेजाऱ्याला विचारतो, "तुमचे रयतू भरोसाचे जमा झाले का?" म्हणजे शेतकऱ्याला सरकारी मदत, एकरी सहा हजार, हंगामाला. त्याचे अडकलेत, म्हणून तो सरकारला शिव्या घालतो आणि पुन्हा स्वावलंबनाकडे वळतो.

कागदपत्रांचा तर वेगळाच ग्रंथ. आज्याच्या जमिनीची पहाणी उर्दूत, पासबुक तेलुगूत, शाळेचा दाखला मराठीत आणि अर्ज भरायचा पोर्तुगीजवाल्यांकडे. त्यात काकूंचं माहेरचं नाव एक, लग्नात ठेवलेलं दुसरं. शाळेच्या दाखल्यावरची बाई आणि आधारवरची बाई एकच, याचं प्रतिज्ञापत्र करायला तो मी-सेवा केंद्रात गेला. तिथल्या पोरानं शांतपणे विचारलं, "दुसऱ्या कुठे असतात?" पटेलला राग आला नाही, दोघी निघाल्या तर किती युरो वाढतील याचा तो हिशोब करत होता.

त्याचा आजा यवतमाळकडून पैनगंगा ओलांडून बैलगाडीनं आला, तेव्हा तो इंग्रजांच्या अमलातून निजामाच्या मुलखातच शिरला होता. निजामाकडेही नियम होतेच. सरकारी नोकरी हवी असेल तर मुल्की व्हावं लागे. त्यासाठी बाहेरच्यानं पंधरा वर्षं मुलखात राहायचं आणि परत जायचा विचार सोडला असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. आज्याला नोकरी नको होती, म्हणून त्यानं काहीच दिलं नाही. सरकी पेरली आणि राहिला. तिकडे केरामेरीकडच्या डोंगरात बारा-चौदा गावं अशी आहेत की ती महाराष्ट्राची का तेलंगणाची हा तंटा अजून मिटलेला नाही. लोकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डं आहेत, मतदानही दोन्हीकडे. पटेल त्यांच्याविषयी फार आदरानं बोलतो. एकही फॉर्म न भरता दोन ठिकाणचा रहिवास!

इतकं सगळं असूनही तो मागच्या वर्षी जवळजवळ निघालाच होता. पेन्शन, ठेवी, जावयाची हमी, सारं जुळवलं. मग कोणीतरी सांगितलं की एकदा अनिवासी झालं की भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. आहे ती ठेवता येते, नवी घेता येत नाही. पटेलचा चेहरा उतरला. त्याच्या बांधाला लागून दोन एकर आहेत, विहिरीसकट. तीस वर्षं डोळा आहे त्याचा त्या जमिनीवर. मालक विकतही नाही आणि विकणार नाही असंही म्हणत नाही.

तेव्हापासून पटेल रोज संध्याकाळी त्या बांधावर जाऊन बसतो आणि शेजारी तिकडून हाक मारून विचारतो, "पटेल, व्हिसा कवा हाय?"

"तुमी जमीन देल्यावर," पटेल म्हणतो.

"मंग तुमी जाऊन तर या," शेजारी म्हणतो, "आल्यावर बोलू."