बदलीची ऑर्डर

आईला फोनवर सांगितलं, "माझी ट्रान्सफर झाली." पलीकडे क्षणभर शांतता. मग हलक्या आवाजात प्रश्न आला, "मागून घेतलीस, की केली?"

हा प्रश्न पाटबंधारे खात्यातल्या माणसाच्या बायकोलाच सुचू शकतो. वडलांच्या नोकरीपायी आम्ही कोयनानगर, पैठण, भीमानगर अशी धरणं फिरलो. मे महिना लागला की वसाहतीतल्या बायकांपुढे एकच पेच असे, यंदा लोणचं घालायचं की ऑर्डरची वाट बघायची. ट्रकात बरणी फुटते. बहुतेकदा निर्णय होईस्तोवर कैऱ्या पिकून जायच्या.

"मागून घेतली," मी म्हणाले. "कम्युनिटी कॉलेजातून स्टेट युनिव्हर्सिटीत. मानसशास्त्राची डिग्री पुरी करायला."

"गाव?"

"तेच. घरापासून वीस मिनिटं."

"मग ती कसली बदली," आई म्हणाली. "टेबल बदललं म्हण."

कॅलिफोर्नियात ही टेबलं फार विचार करून मांडलेली आहेत. क्लार्क केर यांच्या पुढाकाराने १९६० साली इथल्या उच्चशिक्षणाचा मास्टर प्लॅन तयार झाला. शाळा संपवणाऱ्यांतला गुणवत्तेने वरचा आठवा हिस्सा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे, वरचा तिसरा हिस्सा स्टेट युनिव्हर्सिटीकडे, आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना सताड उघडं. गंमत पुढे आहे. त्या उघड्या दारातून आत आलेल्याने दोन वर्षं नीट अभ्यास केला, तर त्याला तिसऱ्या वर्षाला वरच्या दोन्हींपैकी एकीकडे जाता यावं. म्हणजे पहिल्या पंगतीत पान मिळालं नाही तर स्वयंपाकघराच्या दाराने येऊन मठ्ठ्यापाशी बसा, वाढप्याने हटकायचं नाही. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटची फी ४६ डॉलर, ती २०१२ पासून तेवढीच. दोन वर्षांची ६० युनिटं म्हणजे २,७६० डॉलर. माझ्या नवऱ्याने हा गुणाकार तोंडी केला. मानसशास्त्राबद्दल इतकी आस्था त्याच्या चेहऱ्यावर मी त्याआधी पाहिली नव्हती.

माझी अडचण अशी की माझी डिग्री अर्धी होती. साताऱ्याला एस.वाय.ला मानसशास्त्र घेतलेलं, टी.वाय.च्या आधी लग्न, लग्नाच्या मागोमाग व्हिसा. त्याला एकवीस वर्षं झाली. ब्लूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी १९२७ साली दाखवून दिलं की मध्येच तुटलेली कामं माणसाला पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. म्हणे हॉटेलातल्या वेटरला बिल चुकतं होईपर्यंत कुणी काय खाल्लं ते तोंडपाठ असतं आणि पैसे हातात पडले की सगळं पुसलं जातं, हे बघून ती कल्पना सुचली. आपल्या उडप्याच्या वेटरकडे पाहिलेल्या कुणालाही हे पटावं. मी एस.वाय.ला दिलेल्या पेपरांतला एकही प्रश्न आज आठवत नाही. टी.वाय.चे न दिलेले पेपर मात्र स्वप्नात येतात, आणि दर वेळी हॉल तिकीट घरी राहिलेलं असतं.

तेव्हा पहिलं काम, जुनी दोन वर्षं मोजून घेणं. इथे परदेशी मार्कशीटचं मूल्यमापन करणाऱ्या संस्था असतात. त्यांना कागद हवे होते कॉलेजकडून, सीलबंद पाकिटात, झाकणावर सही-शिक्का. भाऊ तीन खेटे घालून आला. चौथ्या खेपेला पाकीट मिळालं आणि त्याने घरी येऊन ते उघडलं. "आत बरोबर मार्कशीट घातलीय का ते नको का बघायला? मागे एकाचं भलत्याच मुलीचं निघालं होतं." त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं आणि पाकीट शंभर टक्के बाद झालं होतं. पाचवी खेप. मग मूल्यमापन संस्थेने अभ्यासक्रम मागितला, कुठल्या पेपरात काय शिकवलं ते. कॉलेजातले कारकून म्हणाले, तो अभ्यासक्रम बदलला. भाऊ म्हणाला, जुनाच हवाय. ते म्हणाले, जुना आता नाही ना, बदलला. या वाक्यात कुठेही फट नव्हती. शेवटी माझ्या दोन वर्षांची काही ऐच्छिक युनिटं धरली गेली. मानसशास्त्राचं एकही नाही.

दोष कुणाला द्यावा? मला तर बालभारतीची आठवण झाली. १९६७ साली निघालेली ही संस्था, सगळ्या महाराष्ट्राला एकच पुस्तक. जूनमध्ये कोयनानगरला तिसरा धडा चालू असताना बदली झाली तरी पैठणच्या शाळेत दप्तर उघडायचं आणि चौथा धडा काढायचा. दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही असली की काम भागलं. त्या पुस्तकांना आम्ही कंटाळवाणी म्हणायचो. इथे आल्यावर त्यांची थोरवी कळली. कॅलिफोर्नियात एकाच विषयाला या कॉलेजात एक नंबर, पुढच्या गावात दुसरा. तिसऱ्या ठिकाणी सेमिस्टर नसून क्वार्टर, तिथली ९० युनिटं म्हणजे इथली ६०. कुठला कोर्स कुठे चालेल हे बघायला 'असिस्ट' नावाची वेबसाइट आहे. दोन वर्षं मी तिच्यासमोर पंचांग उघडून बसल्यासारखी बसले आहे. ही पत्रिका जुळते, ही जुळत नाही, हिला मंगळ आहे. २०२१ मध्ये कायदा झाला की सगळ्या कॉलेजांनी समान विषयाला समान नंबर द्यावा. आता मानसशास्त्राची ओळख सगळीकडे 'सी-१०००' होऊ लागली आहे. बालभारतीला पोचायला त्यांना थोडा उशीर झाला इतकंच.

जिथून ट्रान्सफर व्हायचं त्या कॉलेजातला कौन्सेलर हा या गोष्टीतला महत्त्वाचा माणूस. पहिल्या भेटीत आमच्या कौन्सेलरबाईंनी माझ्याकडे, माझ्या एकवीस वर्षांकडे आणि घड्याळाकडे बघून विचारलं, बालवाडी शिक्षिकेचं सर्टिफिकेट का नाही करत? एका वर्षात होतं, तुम्हाला शोभेलही. मला त्या क्षणी फार हलकं वाटलं, हे कबूल करते. या हलकेपणाला नाव आहे हे पुढे समाजशास्त्राच्या वर्गात कळलं. मास्टर प्लॅन झाला त्याच १९६० साली बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने आमच्या शेजारच्या सॅन होजेमधलं ज्युनिअर कॉलेज अभ्यासून लिहिलं, की अशा कॉलेजांचं एक न बोलायचं काम असतं, मोठी स्वप्नं घेऊन आलेल्यांना हळूहळू निववणं. 'कूलिंग आउट'. हा शब्द त्याने अर्व्हिंग गॉफमनच्या १९५२ च्या लेखातून उचलला आणि गॉफमनने भामट्यांकडून. भामटे एखाद्याला लुबाडतात तेव्हा टोळीतला एक जण मागे थांबतो, त्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवतो, म्हणजे तो पोलिसांत जात नाही.

वाचलं आणि आत्या आठवली. साताऱ्याला एका कपभर चहात तिने माझं कूलिंग आउट केलं होतं. "बी.ए. होऊन कुठे कलेक्टर व्हायचंय? मुलगा अमेरिकेत आहे." बिनपगारी काम, आणि किती सफाईदार. कौन्सेलरबाईंचं तसं नव्हतं. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी निमूटपणे मानसशास्त्राचा फॉर्म काढून दिला. माझ्यासारख्या हट्टी बायका त्यांच्या रोजच्या पाहण्यातल्या असाव्यात.

फॉर्म बघून आई मात्र हबकली. मानसशास्त्र शिकायला प्राणिशास्त्र कशाला, भाषण करायला कशाला शिकायचं, आणि अमेरिकेची राज्यघटना? "रामदासांनी मनाला २०५ श्लोकांत समजावलं, तुला साठ युनिटं लागतात?" मी म्हटलं, ही पहिली साठ, पुढे अजून साठ आहेत. फोन बाबांकडे गेला.

वर्गात पहिल्या दिवशी प्राध्यापक आले आणि मी उठून उभी राहिले. ठरवून नव्हे, पाय आपोआप उठले. तीसेक मुलं बसलेली, मी एकटी ताठ. प्राध्यापकांचं वय माझ्या धाकट्या दिरापेक्षा कमी. त्यांना वाटलं मला प्रश्न विचारायचाय. "येस?" मी म्हणाले, "नो," आणि बसले. माझ्या मुलाच्या वयाच्या शेजारणीने मला एक च्युइंग गम दिलं. त्यात सांत्वन होतं असं मी मानते.

पुढे त्याच वर्गात 'ट्रान्सफर' हा शब्द धड्यात आला. मानसशास्त्रात तो शिकण्याच्या बदलीसाठी वापरतात. लॅटिन घोकलं की बुद्धीला धार येते आणि ती सगळीकडे चालते असं पूर्वी मानत. आपल्याकडे हेच संस्कृतबद्दल मानत, माझे सासरे अजून मानतात. १९०१ साली थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी प्रयोग करून सांगितलं की तसं नसतं. एका कामातलं शिकणं दुसऱ्यात जातं ते दोन्हींत जेवढं सारखं असेल तेवढंच. योगायोग बघा, इलिनॉयमधल्या जोलिएटला देशातलं पहिलं ज्युनिअर कॉलेज सुरू झालं तेही १९०१ मध्येच. एकीकडे विद्यार्थ्यांच्या बदल्या सुरू झाल्या, दुसरीकडे कळलं की विद्येची बदली तितकीशी होत नाही.

मला हे प्रयोगाशिवाय ठाऊक होतं. पाचवीत पैठणला गेले तेव्हा सहामाहीत भूगोलाला प्रश्न होता, 'तुमच्या गावच्या हवामानाचे वर्णन करा.' मी दोन पानं लिहिली. चार महिने झड, छपरावरून पाण्याच्या धारा, भिंतींना बुरशी, शाळेत जाताना इरलं. मराठवाड्यातले ते गुरुजी पेपर घेऊन सगळ्या वर्गांत फिरले. मार्क शून्य, पण म्हणे वाचताना त्यांना गार वाटलं.

मग अर्ज. स्टेट युनिव्हर्सिटीची खिडकी ऑक्टोबरात उघडते आणि डिसेंबर लागता लागता बंद होते, म्हणजे नवरात्र ते दिवाळी, जेव्हा माझ्या हाताला पिठाशिवाय काही लागलेलं नसतं. २०१० च्या कायद्याने ट्रान्सफरसाठीची खास डिग्री निघाली आहे. ती घेतली की स्टेट युनिव्हर्सिटीत कुठेतरी जागा नक्की. पण कुठल्या आवारात, ते नक्की नाही. जागा पक्की, गाव अनिश्चित. हे वाक्य आईला सांगितलं तर ती म्हणाली, "यात समजावून काय सांगतेस? तीस वर्षं काढलीत मी." त्यातून मानसशास्त्र बऱ्याच आवारांत 'इम्पॅक्टेड' असतं. हा शब्द मी यापूर्वी फक्त दाताच्या डॉक्टरकडे ऐकला होता, हिरडीत अडकलेल्या अक्कलदाढेबद्दल. इथे त्याचा अर्थ जागा कमी, माणसं फार. वयाच्या या टप्प्यावर अक्कल शोधत आलेल्या बाईला दोन्ही अर्थ लागू पडतात.

तर ऑर्डर आली, हवं ते गाव मिळालं. नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताला गेले तेव्हा दारावरच्या पोराने अदबीने सांगितलं, पालकांचं सत्र पलीकडच्या हॉलमध्ये. मी गेले. खुलासा करायचा कंटाळा आला, शिवाय कॉफीचा वास तिकडूनच येत होता. तासभर ऐकलं की आपल्या मुलाला आता मोकळीक हवी, त्याच्या मार्कांची चौकशी रोज करू नये, त्याने फोन केला तर उपदेश न करता ऐकून घ्यावं. चांगलं सत्र होतं. घरी येऊन मुलाला आणि नवऱ्याला समोर बसवून त्यातले मुद्दे वाचून दाखवले.

पहिल्या मिडटर्मला संशोधन पद्धती या विषयात मला शंभरातले एकसष्ट पडले. जुन्या कॉलेजात नव्वदच्या खाली कधी आले नव्हते. याचीही बूज शास्त्राने राखली आहे. जॉन हिल्स यांनी १९६५ मध्ये याला 'ट्रान्सफर शॉक' म्हटलं. कॉलेज बदललेल्या मुलांचे मार्क सुरुवातीला घसरतात, पुढे बऱ्याच जणांचे सावरतात. हे सगळं व्यवस्थित माहीत असूनही मी गाडीत बसून रडले, पार्किंगची वेळ संपेपर्यंत.

रात्री आईचा फोन आला. मी एकसष्ट सांगितले. उपदेश न करता तिने ऐकून घेतलं, कुठल्याही सत्राला न जाता. मग म्हणाली, "कोयनेचा पाऊस लिहून आलीस वाटतं."

फोन ठेवल्यावर पेपर काढून पाहिला. तिसऱ्या प्रश्नात लिहिला होता. दोन पानं.