दिवाणखान्यात प्रवाळ पाळू इच्छिणाऱ्यांसाठी जलशुद्धीच्या सूचना

सर्वप्रथम घरातल्या माणसांचा दर्जा एक पायरी खाली आणावा. नळाचं पाणी त्यांनी खुशाल प्यावं. प्रवाळाला ते चालत नाही. क्लोरीन त्याला सोसत नाही, तांब्याच्या अंशानेही कोळंब्या नि शंख दगावतात, आणि फॉस्फेट-सिलिकेट मिळालं की काचेवर शेवाळ धरतं.

‘अहो, स्वयंपाकघरात आरओ आहे की!’ असं सुचवलं जाईलच. नम्रपणे नकार द्यावा. चव राहावी म्हणून पिण्याच्या आरओत बऱ्याचदा थोडे क्षार मुद्दाम राखलेले असतात. आपल्याला मीटरवर टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य हवा.

त्यासाठी वेगळं यंत्र मोरीत टांगावं. आधी गाळ अडवणारा फिल्टर, मग कार्बन, मग मेंब्रेन, शेवटी रेझिन. कार्बनवर काटकसर करू नये, नाहीतर क्लोरीन मेंब्रेनच खाऊन टाकतो. मेंब्रेन शेकडा 95च्या वर क्षार काढतं, उरलेले रेझिन गिळतं. रंग बदलणारं रेझिन घ्यावं. रंग नळीभर चढत आला की पाकीट सैल करावं. यंत्र चालू केल्यावर पहिली काही मिनिटं येणारं पाणी टाकून द्यावं, त्यात क्षार जास्त असतात.

एका बादलीमागे तीन-चार बादल्या वाया जातात. पाणीकपातीच्या दिवसांत हा हिशेब सोसायटीच्या सेक्रेटरीपुढे मांडू नये. ते पाणी पिंपात धरून फरशीला वापरावं. फरशी कोण पुसणार, हे आधीच ठरवून घ्यावं.

आता पाणी शून्य झालं. लगेच त्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम सागरी मीठ कालवावं. जे कॅल्शियम-मॅग्नेशियम एवढ्या खटाटोपाने मोरीत सोडलं, तेच महागड्या पाकिटातून परत आणायचं, कारण प्रवाळाचा सांगाडाच कॅल्शियमचा. घरातले वडीलधारे जुहूचा समुद्र फुकट असल्याची आठवण करून देतील. मुंबईचं सांडपाणी कुठे जातं, एवढंच त्यांना विचारावं. कोकणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडाही उचलू नये. दगडी प्रवाळाला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंगतीला बसवलंय.

टाकीत पडल्यावर पाणी स्वच्छ राखायला प्रोटीन स्किमर लागतो. बारीक बुडबुड्यांना चिकटून घाण फेसासोबत वर चढते आणि कपात चहाच्या रंगाचा, कुजक्या वासाचा द्रव साठतो. नवशिके त्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात. जेवणाची वेळ टाळावी.

रोज टाकीतलं थोडं पाणी उडतं. त्याची भरपाई शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्यानेच करायची. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. गणपतीला गावी जाताना शेजारच्या काकांना किल्ली द्याल, तेव्हा हे दोनदा सांगा, आणि मिठाचा डबा कपाटात कुलूपबंद करूनच निघा.