ट्रकवाले काका

ह्यूस्टनच्या आसपास जिथे चार मराठी घरं आहेत, तिथे एक ट्रकवाले काका असतातच. शिक्षण मेकॅनिकलचं, नोकरी सॉफ्टवेअरमधली आणि दारात फोर्डची एफ-१५०. एवढी मोठी गाडी कशाला, असं विचारलं की उत्तर तयार : “मंडळाच्या गणपतीचं सामान न्यायला बरी पडते.” गणपती वर्षातून एकदा येतो. उरलेल्या दिवसांत मागच्या हौद्यात तांदळाच्या पोत्यापेक्षा जड काही चढत नाही. फोर्डची एफ-मालिका १९७७ पासून अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारी पिकअप आहे, हे काका अशा थाटात सांगतात की तो खप त्यांनीच सांभाळला असावा.

काकांचा खरा सण मात्र बॅटरी बदलण्याचा. टेक्सासचं ऊन बॅटरीचं आयुष्य खातं, त्यामुळे तो वरचेवर येतो. पार्ट्सच्या दुकानात बॅटरी फुकट तपासून देतात. काका तिथेही स्वतःचा मल्टिमीटर घेऊन जातात. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ. काढताना आधी काळी केबल, मग लाल, लावताना उलट. इथवर काकांचं काही चुकत नाही.

पुढे गंमत सुरू होते. नवी कोरी बॅटरी, तरी इंजिन बंद करून आशाताईंचं गाणं लावलं की थोड्याच वेळात पडद्यावर सूचना येते : बॅटरी वाचवण्यासाठी यंत्रणा बंद करत आहोत. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणंही थांबलेलं. एरवी काका गाडीत बसल्याबसल्या बटण दाबून ते बंदच करतात. पण आपण बंद करणं वेगळं आणि गाडीने परस्पर बंद करणं वेगळं!

काकांचा पहिला संशय अल्टरनेटरवर. मीटरवर चार्जिंगचं व्होल्टेज खाली आलं की ते “बघ, बघ” म्हणून काकूंना हाक मारतात. वास्तविक या गाड्या पेट्रोल वाचवायला चार्जिंग स्वतःच कमी-जास्त करतात. काळ्या टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. तो करंट, व्होल्टेज आणि तापमान मोजून गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो, आणि कॉम्प्युटर बॅटरीच्या वयाचाही हिशेब ठेवतो. जुनी गेली, नवी आली, ही बातमी त्याला कुणीतरी द्यावी लागते. ती दिली नाही, तर तो नव्या बॅटरीलाही म्हातारीच धरून चालतो.

बातमी देण्याचा एक विधी आहे. इंजिन चालू न करता इग्निशन ऑन, हायबीम पाचदा, ब्रेक तीनदा. मग डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा तीनदा लुकलुकला की काम झालं. काका हे रात्री अकराला करतात. दिवा लुकलुकत नाही, मोजणीत घोळ होतो, पुन्हा हायबीम. समोरच्या घरातले गृहस्थ मदत हवी आहे का विचारायला पायजम्यावर बाहेर येतात आणि अर्धा तास बॅटरीपुराण ऐकून परत जातात.

शेवटी दिवा लुकलुकतो. पण सूचना जात नाही, कारण मधल्या काळात काकांनी चार्जर लावलेला असतो, तोही काळा चिमटा थेट बॅटरीच्या टर्मिनलवर. त्यामुळे आत गेलेला करंट सेन्सरला दिसतच नाही. तो चिमटा चॅसीच्या उघड्या धातूवर लावायचा असतो. आता गाडीला हिशेब नव्याने जुळवायचा, तर एकच पथ्य : कुलूप लावून आठ तास तिला हात लावायचा नाही. काकांना नेमकं हेच जमत नाही. गाडी झोपली का, हे बघायला ते दर तासाला दार उघडतात. दार उघडलं की गाडी जागी होते आणि आठ तास पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा तुमच्या ओळखीत असे काका असतील आणि त्यांनी नुकतीच बॅटरी बदलली असेल, तर त्यांना एका रात्रीपुरतं जेवायला बोलवा, उशीर झाला म्हणून मुक्कामाला ठेवून घ्या, आणि ट्रकची किल्ली काकूंकडे राहील एवढं बघा.