विलायतेचं बाळंतपण

पहिलं बाळंतपण माहेरी आणि दवाखाना मिरजेचा, हा आमच्या कवठे महांकाळ तालुक्याचा न लिहिलेला कायदा आहे. म्हैसाळ योजनेचं पाणी शिवारात यायला वर्षानुवर्षं वाट पाहिली, पण डॉक्टरांच्या बाबतीत आम्ही कधी दुष्काळी नव्हतो. वानलेससाहेबानं 1894 साली मिरजेत हॉस्पिटल काढलं, आणि पुढं पुढं तर कर्नाटकातूनसुद्धा माणसं मिरजेला उपचाराला यायला लागली. आम्ही हाकेच्या अंतरावर. असं असताना मी चौथा सरता सरता इंग्लंडला निघाले.

नवऱ्याची बदली होती. "तू मागाहून ये, बाळाला घेऊन," असं सगळ्यांचं मत पडलं. मी म्हटलं, "तिकडं सगळं सिस्टिमॅटिक असतं." तोवर मी पुण्याच्या पलीकडं गेले नव्हते, पण हे वाक्य मी इतक्या ठामपणे म्हणत असे, की ऐकणाऱ्याला वाटावं, हिची आधीची दोन-तीन बाळंतपणं लंडनलाच झालीत.

तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाच्या वेळीच अधिभार भरावा लागतो. 2024 च्या फेब्रुवारीपासून तो मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड आहे. तीन वर्षांचे, दोघांचे मिळून 6,210 पौंड, तेही एकरकमी. सासऱ्यांनी या आकड्याचा हिशेब बेदाण्याच्या किलोत मांडला आणि त्या रात्री जेवायला नको म्हणाले. आईचं म्हणणं वेगळं. "पैसे भरलेत ना? मग सगळ्या तपासण्या करून घे. सोडू नको काही."

सोडायला काही असेल तर ना! मिरजेत डॉक्टर दर खेपेला सोनोग्राफी करायचे. तिथं सगळं ठीक असलं तर अख्ख्या गरोदरपणात दोनच: एक बाराव्या आठवड्याच्या सुमारास, दुसरी विसाव्या. पहिली मी मिरजेतच उरकून आले होते. म्हणजे सासऱ्यांच्या एवढ्या बेदाण्यावर माझ्या वाट्याला एक सोनोग्राफी आली.

रिपोर्टांची जाडजूड फाइल छातीशी धरून मी घराजवळच्या दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना भेटायचं आहे म्हणाले. काउंटरवरच्या बाईनं गोड हसून विचारलं, "का? बरं नाही का?" मी पोटाकडं बोट दाखवलं. ती म्हणाली, "अभिनंदन! त्यासाठी डॉक्टर लागत नाही. मिडवाइफकडं ऑनलाइन नाव नोंदवा." मला वाटलं, माझं इंग्रजी कमी पडलं. मी बाहेर जाऊन वाक्य नीट जुळवून परत आत आले. उत्तर तेच मिळालं.

मिडवाइफ भली होती. पहिल्या भेटीत तिनं नवऱ्याला बाहेर बसवलं आणि खालच्या आवाजात विचारलं, घरी तुला कुणाचा त्रास आहे का? हे तिथं प्रत्येकीला विचारतात. पण आमच्याकडं असा प्रश्न विचारला की बाई दोन तास बोलते. मीही सुरुवात केली. त्रास असा नाही, पण आत्या जरा हळद-दुधावरून फोनवर बोलतात, असं काहीबाही. तिनं विचारलं, आत्या म्हणजे कोण? मी म्हटलं, "माय आंट. माझ्या नवऱ्याची आई."

तिचं पेन थांबलं.

पुढचा प्रश्न फॉर्मवरच होता, पण तो तिनं फार हळुवारपणे विचारला: तुमचं आणि बाळाच्या वडिलांचं रक्ताचं नातं आहे का? आता आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची रीत. कारण पूर्वी आत्याच्या घरात मुलगी द्यायचे, आणि अजूनही कुठंकुठं देतात. माझं तसं काही नाही. मी दिली गेले ते विवाहमंडळातून, बायोडाटा बघून. एवढं सांगून थांबायला हवं होतं. पण फुकटची सोनोग्राफी न मिळालेल्या माणसाला निदान बोलून तरी पैसे वसूल करावेसे वाटतात. मी तिला सगळी पद्धत समजावली. मामाची मुलगी चालते, चुलत्याची चालत नाही. माझ्या मावससासूचं तसंच झालंय, माझ्या आईच्या मामीचंही. उदाहरणादाखल घरातली चार लग्नं सांगितली. ती लिहीत गेली. नवऱ्याला आत बोलावलं तेव्हा तिनं त्याला समुपदेशकाकडं पाठवायची चिठ्ठी दाखवली. त्यानं माझ्याकडं जे पाहिलं ते अजून आठवतं. शेवटी त्यानं कागदावर दोन वेगळी झाडं काढली, दोन वेगळ्या गावांची नावं घातली आणि मधे एक जाड रेघ मारली, तेव्हा प्रकरण मिटलं.

सोनोग्राफीच्या वेळी तिथल्या मुलीनं सहज विचारलं, "मुलगा की मुलगी, जाणून घ्यायचंय?" मी दचकून दरवाज्याकडं पाहिलं. 1994 च्या लिंगनिदानबंदी कायद्याची पाटी वाचतच आमची पिढी सोनोग्राफीच्या बाकावर बसलीय. आणि 2017 साली म्हैसाळला स्त्रीभ्रूणहत्येचं जे प्रकरण उघडकीला आलं, त्यानंतर आमच्या जिल्ह्यात हा विषय कुणी सहज काढत नाही. मी "नो, नो, नो" असं तीनदा म्हणाले. तिनं घाईघाईनं पडदा दुसरीकडं वळवला.

मग आले रक्ताचे रिपोर्ट. दक्षिण आशियाई बायकांना गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका जास्त, म्हणून 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तास बसवतात. माझी साखर निघाली 6.9 आणि हिमोग्लोबिन 104. मी दोन्ही आकडे घरच्या ग्रुपवर टाकले, जरा ऐटीतच. मिरजेत माझं हिमोग्लोबिन कधी अकराच्या वर गेलं नव्हतं. इथल्या हवेनं थेट एकशे चार! चुलत्यांनी हार-फुलांचं चित्र पाठवलं. आईचा मात्र रडत फोन आला. "साखर सहावर आलीय तुझी! उठून बस आधी, गूळ खा." तिला कसंबसं थोपवून मी मिरजेच्या डॉक्टरांच्या सिस्टरना फोन लावला. त्या निवांत म्हणाल्या, "अहो ताई, मोजमापं वेगळी आहेत. साखर तुमची 124 झाली, छान आहे. हिमोग्लोबिन 10.4. कमीच आहे. लोहाच्या गोळ्या घेताय का?" हार-फुलांचं चित्र चुलत्यांनी नंतर खोडलं.

आई व्हिजिटर व्हिसावर आली, बाळंतशोपा आणि ओव्याच्या पुड्या घेऊन. मी माहेरी न गेल्यानं माहेरच विमानानं आणावं लागलं. कवठ्याहून आज्जी रोज व्हिडिओ कॉलवर. तिची सगळी बाळंतपणं घरात, सुइणीच्या हातची. आईचं मिरजेत, डॉक्टरांच्या हातचं. त्याचा आज्जीला फार अभिमान. तिनं विचारलं, "तुजं कोन करनार?" मी मिडवाइफबद्दल सांगितलं. शिकलेली असते, सगळं ठीक असलं तर डॉक्टर येतच नाही, तीच करते. आज्जी मिनिटभर स्क्रीनकडं बघत राहिली. "एवढं पैसं भरून सुईनच?"

आणि खरंच, तसंच झालं. रात्रभर मी गॅस-अँड-एअरचं नळकांडं दातांत धरून दर अर्ध्या तासानं डॉक्टर कधी येणार म्हणून विचारत होते आणि मिडवाइफ दर वेळी, "तुझं छान चाललंय," म्हणत होती. पहाटे मुलगी झाली. डॉक्टर मी पाहिला नाही तो नाहीच. पाठोपाठ आला चहा आणि लोणी लावलेला टोस्ट, ही तिथल्या बाळंतिणीची खीर. आईनं टोस्टाकडं असं पाहिलं, की तो आणणारी मुलगी एक पाऊल मागं सरकली. मी मात्र चारही तुकडे खाल्ले. त्याच संध्याकाळी आम्हाला घरी धाडलं.

गावात बातमी पसरली की पोरगी इंग्लंडची नागरिक झाली. मला दोघातिघांनी पुढच्या शिक्षणाची सोयही सुचवली. वस्तुस्थिती अशी, की 1983 पासून तिथं नुसतं जन्माला येऊन भागत नाही. आईबापांपैकी एक तरी नागरिक किंवा कायमचा रहिवासी लागतो. आमची पोर भारतीयच, आणि तीही वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद केली तर.

इंग्लंडातली जन्मनोंदणी 42 दिवसांत करायची असते. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आमच्या नणंदबाई ऐन द्राक्षांच्या काढणीत. माल गाडीत भरल्याशिवाय त्यांना काही सुचेना. मुदत संपत आली तेव्हा एकदाचं नाव आलं. नोंदणी कार्यालयातल्या बाईनं ते मोठ्यानं वाचून कौतुक केलं, "किती सुंदर! कुणी निवडलं?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा पुढं झुकला आणि म्हणाला, "तिच्या आंटनं. माझ्या सख्ख्या बहिणीनं. बायकोचं तिच्याशी काही रक्ताचं नातं नाही."