पानं किती? अर्थात खडकवासलेकरांसाठी किनारी मुक्कामशास्त्र

खडकवासल्याच्या माणसाला समुद्राची ओढ का लागावी, हे कोडंच आहे. गावाला १८७९ साली पुरं झालेलं धरण आहे. धरणाच्या कडेला चौपाटी आहे आणि तिच्यावर भाजलेली कणसं, कांदाभजी व रविवारी संध्याकाळी अख्खं पुणे शहर आहे. शिवाय मुंबई इलाख्याच्या सरकारनं १९१६ साली सुरू केलेली, आजची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा आहे. तिथं मोठाल्या शेडमध्ये बंदरांच्या प्रतिकृती बांधतात, त्यांत यंत्रानं लाटा उठवतात, भरती-ओहोटी आणतात. म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आपल्याकडं स्वतःचा समुद्र आहे, आणि तोही केंद्र सरकारचा. फक्त त्याच्या काठावर एसी खोली मिळत नाही. एवढ्या एका उणिवेपायी दर डिसेंबरात आपल्यातली काही कुटुंबं डिकीत सतरंजी टाकून कोकणाकडं निघतात. त्यांच्या सोयीसाठी हे मार्गदर्शन.

रस्ता निवडण्यात बुद्धी खर्च करू नये. चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी, माणगाव. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटानं पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवा झाला. आता तिथून चुकून मुंबईला न जाता पौडच्या रस्त्याला लागणं हाच प्रवासाचा पहिला टप्पा समजावा. पानशेतवरून एक वाट थेट कोकणात उतरते आणि ती फक्त आपल्यालाच माहीत आहे, असं सांगणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांचं ऐकावं, त्यांच्याकडचा चहा प्यावा आणि ताम्हिणीनंच जावं.

आता मुक्काम. घाटावरचा माणूस मुक्काम किलोमीटरवर ठरवतो. रेवस ते रेडी हा सागरी मार्ग सुमारे ५०० किलोमीटरचा. बॅरिस्टर अंतुल्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातली, म्हणजे १९८०-८२ मधली ही कल्पना. पाचशे किलोमीटर ऐकल्यावर आपले कुटुंबप्रमुख म्हणतात, "अरे, हे तर दोन दिवसांचं काम." एक्स्प्रेस वेवर हे गणित सुटतं. किनाऱ्यावर सुटत नाही, कारण तिथं दर थोड्या अंतरावर सह्याद्रीतून आलेली एखादी नदी आडवी पसरलेली असते. समोरचं गाव दिसतं, तिथल्या घरावर वाळत टाकलेली लुंगीसुद्धा दिसते, पण तिथं जायचं तर एक तर जंगलजेटीत, म्हणजे फेरीबोटीत, गाडी घालायची, नाही तर आत पार महामार्गाच्या दिशेनं वळसा मारायचा. बागमांडल्याहून सावित्रीपलीकडं वेशवीला, दाभोळहून वाशिष्ठीपलीकडं धोपाव्याला, तवसाळहून शास्त्रीपलीकडं जयगडला. अशा ठिकाणी गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. दाभोळची २००३ पासून आहे. पुलांच्या कामांचे नारळ फुटताहेत, पण नारळ फुटणं आणि गाडी पुलावरून जाणं यांत कोकणात एखादी पिढी जाऊ शकते. तेव्हा मुक्काम किलोमीटरवर न ठरवता खाड्यांवर ठरवावा. दिवसाला एक खाडी ही शहाण्याची मर्यादा. दोन खाड्या ओलांडणारा तरुण समजावा, आणि तीन ओलांडणाऱ्यानं काहीच पाहिलेलं नसतं.

शेवटची फेरी किती वाजता सुटते, हे त्याच दिवशी फोन करून विचारावं. ती चुकली तर मात्र काही ठरवावं लागत नाही. मुक्काम आपोआप ठरतो.

दुसरं महत्त्वाचं साधन म्हणजे आजोबा. पण आजोबा पाऊणकी येणारे हवेत. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे ज्यांनी शाळेत छड्या खाऊन पाठ केले त्या पिढीची किनाऱ्यावर फार गरज लागते. हिशेब असा : पक्षातल्या तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची ढोबळ वेळ येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. पुढं साधारण सहा तासांनी, म्हणजे बाराच्या सुमारास, ओहोटी. हरिहरेश्वराच्या देवळामागची प्रदक्षिणा खडकांतून, अगदी लाटांच्या शेजारून जाते. ती ओहोटीलाच करायची असते, आणि इथं चेष्टा पुरे : भरतीला त्या पायऱ्या उतरू नयेत, पावसाळ्यात तर नाहीच, आणि गावातला माणूस नको म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. म्हणून हरिहरेश्वरचा मुक्काम ठरवताना कॅलेंडरची पुढची बाजू बघावी लागते. तिथी तिथंच असते; मागच्या बाजूला रेसिपी.

तिथीचा दुसरा उपयोग जेवणाच्या टेबलावर होतो. संकष्टीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती आणि नऊला ओहोटी. चंद्रोदयही नऊच्या आसपास. समुद्र मागं सरकतो तेव्हाच घरातली निम्मी माणसं उपास सोडायला पुढं सरकतात. त्या दिवशी सुरमईचा बेत ठरवलेल्या जावयानं जेवणाआधी किनाऱ्यावर फेरी मारून यावं. मासे खायलाच निघालेल्यांनी हेही लक्षात ठेवावं की १ जून ते ३१ जुलै यंत्रबोटींची मासेमारी बंद असते. त्या काळात "ताजा फडफडीत" म्हणून पानात आलेल्या पापलेटाला त्याचा इतिहास विचारू नये.

गणपती आणि शिमगा या दोन काळांत कोकणात खोली मागणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. त्या दिवसांत घरमालकाचेच मुंबईचे चुलतभाऊ पडवीत गाद्या टाकून झोपलेले असतात. आपण फोन केला तर "बघतो, सांगतो" असं उत्तर येतं. कोकणी माणूस नाही म्हणत नाही, आणि हेच त्याचं नाही असतं.

आता प्रत्यक्ष गावं. पहिली रात्र दिवेआगर, श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर. आमचं मत श्रीवर्धनला. दिवेआगरला सुट्टीत इतके पुणेकर असतात की आपण खडकवासला सोडलं की खडकवासल्यानंच आपला पिच्छा पुरवला, असा प्रश्न पडतो. दिवेआगरचा सुवर्णगणेश १९९७ साली सापडला, २०१२ साली चोरीला गेला आणि २०२१ साली परत बसवला गेला; त्याचं दर्शन जाता जाता घ्यावं. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट घाटावर गेले आणि १७१३ साली पेशवे झाले. परतीच्या मुक्कामाचं नियोजन त्यांनी केलं नव्हतं. परिणामी मुलानं पुण्यात वाडाच बांधला.

दुसरी रात्र वेळास किंवा मुरूड. पण त्याआधी भूगोलाची एक चाचणी घ्यावी, विशेषतः मोबाइलवरून खोली घेणाऱ्या चिरंजीवांची. मुरूड दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यात, जंजिऱ्याजवळ. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळ. मधे सावित्री आहे, शिवाय आणखी खाड्या. वेळासही दोन आहेत : एक दिवेआगरशेजारी आणि एक बाणकोटच्या पलीकडं. कासवांचं वेळास हे दुसरं, नाना फडणवीसांचं मूळ गावही तेच. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ च्या सुमारास इथं ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात, आणि पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात. मुलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी : पिल्लू शनिवारची जोडून रजा बघून अंड्यातून बाहेर येत नाही. दोन्ही वेळा नुसतं घमेलं पाहून परत यावं लागलं, तरी काकूंच्या हातचं जेवण होतंच.

दापोलीजवळचं मुरूड हे महर्षी कर्व्यांचं गाव. मुक्कामशास्त्रात त्यांचं उदाहरण अभ्यासावं. १८७५ साली परीक्षेला बसण्यासाठी हा मुलगा पावसापाण्यात, कुंभार्ली घाट चढून, सुमारे ११० मैल चालत साताऱ्याला गेला. वेळेत पोचलाही. तिथं त्याला सांगण्यात आलं की तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, परत जा. यावरून घ्यायचा धडा : खोली ताब्यात घेताना सगळ्यांची आधारकार्डं लागतात. चिरंजीवांचंही.

खोलीच्या जाहिरातीची भाषा आधी शिकून घ्यावी. "समुद्रकिनाऱ्यापासून दोन मिनिटं" हे अंतर मालकाच्या धाकट्या मुलानं अनवाणी, धावत मोजलेलं असतं. "हे काय, इथंच" म्हणजे तीन पोफळीच्या वाड्या आणि एक कुत्रं पार करून. "सी व्ह्यू" म्हणजे गच्चीवरच्या टाकीशेजारी उभं राहिलं की दोन माडांच्या मधून, वारा योग्य दिशेनं असताना. आणि रात्री समुद्र दिसत नाही, हे साधं सत्य पुण्यात बसून खोली घेताना कुणाच्या लक्षात येत नाही. अंधारात त्याचा नुसता आवाज येतो, तो आठशे रुपये कमी देऊन मागच्या खोलीतही येतो. आपला किनारा पश्चिमेचा आहे. सूर्य समुद्रातून उगवत नाही, समुद्रात बुडतो. म्हणून सगळा पैसा आणि पुण्य संध्याकाळी पाचच्या आत पोचण्यात घालावं. अंधार पडल्यावर आठला पोचणाऱ्यानं समुद्राकडं तोंड असलेली खोली घेणं म्हणजे नाट्यगृहात पडदा पडल्यावर पहिल्या रांगेचं तिकीट काढणं.

गुहागर, वेळणेश्वर, हेदवी या पट्ट्यात तिसरी रात्र काढावी. निघताना आई म्हणालेली असते, "आलोच आहोत तर कुलदैवत करूनच जाऊ," आणि ते बहुधा इथंच कुठं तरी असतं. याला तक्रार समजू नये. पुण्याच्या निम्म्या सहलींचं अंदाजपत्रक याच एका वाक्यावर घरात मंजूर होतं. मग तवसाळहून जयगड, गणपतीपुळे, आणि तिथं आमच्या मार्गदर्शनाचा आधार जवळजवळ संपतो, कारण रजा संपते. रत्नागिरीच्या पुढं जाणारे पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर अशा क्रमानं जातात आणि आम्ही त्यांच्याकडं आदरानं पाहतो. त्यांच्यासाठी एकच सूचना. मालवणच्या अलीकडं आचरा नावाचं गाव आहे. तिथं दर तीन-चार वर्षांनी गावपळण असते : श्री रामेश्वराच्या कौलानं अख्खं गाव, गुराढोरांसकट, तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. म्हणजे तिथं खोली घेण्यापूर्वी खोली आहे का हे विचारून भागत नाही, गाव घरी आहे का तेही विचारावं लागतं.

आता उरलं ते या शास्त्राचं मर्म. मुक्काम ठरवण्यासाठी आपण फोन लावतो तेव्हा संभाषण बहुधा असं होतं.

"काकू नमस्कार, पुण्याहून बोलतोय. शनिवारी खोली आहे का?"

"खोली आहे हो. पानं किती?"

"एसी आहे का?"

"आहे. पानं किती?"

"गाडी लावायला जागा?"

"खळ्यात लावा. पानं किती ते सांगा, नि त्यांतली शाकाहारी किती."

आपल्याला वाटतं काकू टाळताहेत. त्या टाळत नसतात. त्यांच्या दृष्टीनं पाहुणा म्हणजे खोलीचा नंबर नव्हे, पान असतं. गावात रात्री नऊला उघडं हॉटेल मिळण्याची खात्री नाही. मासळी सकाळी मोजून आणायची असते, मोदकांची उकड मोजून काढायची असते, नारळ मोजून खवायचा असतो. सात पानं सांगून वाटेत ताम्हिणीतल्या धाब्यावर पोट भरून आलेलं कुटुंब कोकणात पुढची कित्येक वर्षं आठवणीत राहतं, नावासकट आणि गाडीच्या नंबरासकट. म्हणून बाकी काही नाही पाळलंत तरी चालेल : आजोबांची पाऊणकी चुकू द्या, फेरी चुकू द्या, मुरूडही चुकू द्या. पानं मात्र सकाळी दहाच्या आत कळवा, आणि कळवलीत तेवढी माणसं उपाशी पोचवा.